मुंग्या न गेलेला कोपरा

तिला सातवा महिना लागला होता आणि ती दिवसभर पाणी पीत नव्हती. एप्रिलातलं ऊन, डोक्यावर खडीचं घमेलं, आणि रांजणापाशी आली की नुसते ओठ ओले करून पुढं सरकायची. मला वाटायचं, उपास असेल. आमच्याकडं बायकांचं काही ना काही चालूच असतं, आज संकष्टी, उद्या नवस. एकदा न राहवून मी म्हटलंही, "अगं, पोटुशी बाईनं कसला उपास धरायचा?" ती नुसती हसली. तिची सासूही आमच्याच साईटवर कामाला होती. ती मधे पडली, "उपास न्हाई मॅडम. तिला तहानच लागत न्हाई."

तहान लागत नाही! जालना जिल्ह्यात, एप्रिलात, बांधकामावर! आणि मी ते ऐकून घेऊन पुढच्या कामाला लागले. आज आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

साईट वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून होती. मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. जागा लांबट आणि चिंचोळी. समोर हायवे, एका अंगाला तारेचं कुंपण घातलेली मोसंबीची बाग, मागं नांगरून टाकलेली काळी रानं. एप्रिलात त्या रानांत माणसाच्या गुडघ्याएवढंही काही उभं नसतं. शेळी बसली तरी हायवेवरून दिसते. मी तिथं नियोजनाची इंजिनिअर होते. मूळची भोकरदनची, शिकायला संभाजीनगरला, आणि नोकरीला फिरून पुन्हा जिल्ह्यातच. अंबडला खोली घेऊन राहायची आणि स्कुटीवर साईटवर यायची. हेल्मेट घातलेली बाई तिथं मी एकटीच. बाकीच्या बायकांच्या डोक्यावर चुंबळ.

साईट मांडणं हे माझं खास काम. सिमेंटचं गोदाम कुठं, सळई कापायचं यार्ड कुठं, मिक्सर कुठं, वर माल चढवणारी लिफ्ट कुठं, मजुरांच्या झोपड्या कुठं, हे आधी ठरवायचं. ते चुकलं की तेच घमेलं वर्षभर दुप्पट चालतं. बहुतेक ठिकाणी हे कुणी ठरवतच नाही. पहिला ट्रक जिथं रुतेल तिथं खडी, आणि खडीच्या शेजारी जे बसेल ते. मला असल्या गबाळेपणाची लहानपणापासून चीड. एम. टेक.ला मी विषयच हा घेतला, आणि त्यासाठी मुंग्यांची पद्धत शिकले.

ही पद्धत सांगायला सोपी आहे. मुंगी साखर शोधायला निघते तेव्हा तिला रस्ता माहीत नसतो. सगळ्या वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि जाताना मागं वास सोडत जातात. जिची वाट जवळची, ती लवकर परतते, पुन्हा जाते, तिच्या वाटेवर वास दाट होतो. मग बाकीच्या त्या वासामागं लागतात. लांबच्या वाटेचा वास उडून जातो. कॉम्प्युटरमध्ये खऱ्या मुंग्या नसतात, पण हिशोब हाच. हजारो खोट्या मुंग्या सोडायच्या, एकेकीनं साईटची एकेक मांडणी करून बघायची, ज्या मांडणीत माणसांची आणि मालाची चाल कमी पडेल तिथं वास दाट करायचा. शेवटी एक मांडणी उरते. आमची आई भोकरदनला शेजारणींना सांगायची, "पोरगी कॉम्प्युटरात मुंग्या पाळती." शेजारणी मान डोलवायच्या. मुलगी लग्न का करत नाही ह्याचं त्यांना ते पुरेसं कारण वाटायचं.

मुंग्यांना खाद्य एकच लागतं: कुठून कुठं दिवसातनं किती फेऱ्या होतात, त्याचा तक्ता. तो मी स्वतः साईटवर फिरून भरला. सळई कापणाऱ्या टोळीचे म्होरके जालन्याचे एक वयस्कर चाचा होते, घरी उर्दू, आमच्याशी अर्धी मराठी. त्यांनी यार्ड ते लिफ्ट, लिफ्ट ते गोदाम सगळं बराबर सांगितलं. मिक्सरवाल्यानं सांगितलं. मग बायकांकडं आले. मुकादम माझ्या खांद्याशी उभा होता. मी विचारलं, "आणि संडासला? दिवसातनं किती वेळा जाता?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. एक फिदीफिदी हसली. सासू म्हणाली, "आमी न्हाई जात."

"कुणीच नाही?"

"न्हाई ना मॅडम. कशाला?"

मुकादम म्हणाला, "लिहा की मॅडम शून्य. गड्यांना तर सारं रान मोकळं हाय." मी शून्य लिहिलं. साईट ऑफिसच्या ओळीत, म्हणजे माझ्या स्वतःच्या ओळीतही शून्य लिहिलं, आणि लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. कारण ते खरंच होतं. मी सकाळी अंबडच्या खोलीवरून निघताना जायची आणि संध्याकाळी परत खोलीवर पोचल्यावर. कॉलेजात असल्यापासूनची सवय. सकाळी भरलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच घरी यायची. ओटीपोट दुखायचं, डोकं ठणकायचं, मी उन्हाला शिव्या घालायची.

मुंग्यांनी मग त्यांचं काम चोख केलं. गोदाम मिक्सरपाशी, मिक्सर लिफ्टपाशी, झोपड्या लिफ्टनं वर चढणाऱ्या मालाच्या खालून दूर. आणि संडास, ज्याच्याकडं कुणाचंच जाणं नव्हतं, तो पार शेवटच्या कोपऱ्यात, सळईच्या यार्डाच्या मागं. यार्डातून आडवं चालत गेल्याशिवाय तिथं पोचायला वाटच नव्हती. आमचे साहेब, म्हणजे ज्यांचं कंत्राट होतं ते, ह्या नकाशावर बेहद्द खूश. त्यांनी तो फ्रेम करून केबिनमध्ये लावला. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी नकाशा. "हा माणसानं न्हाई केला. मुंग्यांनी केलाय." मीही आपली बाजूला उभी राहून हसायची. छान वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि मग तो दिवस उजाडला. दुपारची जेवणं उरकून काम नुकतंच सुरू झालं होतं. ती घमेलं घेऊन उतरणीवरून वर आली आणि बसली. पडली नाही हो, बसली. घमेलं नीट खाली ठेवलं, कमरेवर हात टेकला आणि मग हळूच एका कुशीवर कलंडली. सासूची किंकाळी ऐकून मिक्सरवाल्यानं मशीन बंद केलं.

साईटच्या जीपमध्ये मी मागं बसले, तिचं डोकं माझ्या मांडीवर. कपाळाला हात लावला तर तवा. ओठांना भेगा. ड्रायव्हर गतिरोधकावर जीप हळू घ्यायला लागला की मी ओरडायची जल्दी चल म्हणून, आणि जोरात घेतली की ओरडायची हळू घे म्हणून. बिचाऱ्याला काय करावं कळेना. मधेच तिनं डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

"मॅडम, पोट आवळून राह्यलंय."

सातवा महिना. मी सासूकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात सुनेच्या पोटावर ठेवले होते, जणू झाकण दाबून धरलंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं, बाळाचे ठोके ऐकले, आणि मग माझ्याकडं वळल्या. "पाणी पीत नाही. लघवी दिवसदिवस धरून ठेवते. त्याचा संसर्ग झालाय, त्याचा ताप, आणि त्या तापानं कळा सुरू झाल्यात. आज थांबल्या तर थांबल्या. नाही थांबल्या तर सातव्या महिन्याचं लेकरू जगवायची सोय माझ्याकडं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. कुठं कामाला आहे ही?"

"आमच्याकडं."

"तिथं संडास आहे का?"

"आहे ना," मी पटकन म्हणाले. "नकाशात दाखवलाय."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

ती सगळी दुपार आम्ही तिच्या पोटावर नजर लावून बसलो. पोट दगडासारखं व्हायचं, ती दात आवळायची, मग सैल व्हायचं. सासू काहीतरी पुटपुटत होती. मीही मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडले, सगळे देव आठवून झाले. सलाईन अंगात जायला लागलं तशी ती चुळबुळायला लागली. पाय एकमेकांवर दाबायला लागली. मी विचारलं, "जायचंय का?" तिनं होय म्हणून मान हलवली. वॉर्डच्या दाराशी एक वॉर्डबॉय कुणाशी तरी बोलत उभा होता. "नंतर," ती म्हणाली.

"नंतर म्हणजे कधी?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "लेकरू बाहेर आल्यावर? ऊठ. चल."

मी सलाईनची बाटली हातात धरली, सासूनं तिला धरलं, त्या वॉर्डबॉयला मी "हो बाजूला" म्हणून अक्षरशः हाकललं. परत येऊन खाटेवर टेकल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. आणि मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, तुमी कुठं जाता हो, साईटवर?"

"मी? मी नाही जात."

"मंग!" सासू म्हणाली. "तेच तर हिला सांगून राह्यले मी पहिल्या दिवसापासून. म्हनलं, त्या मॅडमकडं बघ. एवढी शिकलेली बाई दिवसभर धरती, तुला काय झालं अंधार पडेस्तोवर धरायला?"

सासूनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. कौतुकानं म्हटलं होतं. माझ्यासमोर पाण्याचा जग होता, आणि दुपारपासून मी त्यातलं घोटभरही प्यायले नव्हते.

कळा संध्याकाळपर्यंत हळूहळू थांबल्या. बाळाचे ठोके चांगले होते. दोन दिवस ठेवून घेतो म्हणाल्या डॉक्टरीणबाई, आणि नंतर घरी विश्रांती, भरपूर पाणी, पुन्हा असा ताप चढला तर मात्र माझ्या हातात काही नाही. सासूनं सगळ्याला हो हो केलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सोमवारी येतीच ती कामाला."

"डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलं ना?"

"ऐकलं. पर मुकादम जोडीच घेतो मॅडम. नवरा-बायको मिळून जोडी. ती न्हाई आली तर माझ्या लेकाला बी वापस धाडतो. आमी टेंभुर्णीहून एवढ्या लांब आल्तो ते काय वापस जायला?"

मी मुकादमाला फोन लावला. तिच्यासाठी बसून करायचं काम मागितलं, त्यानं जरा कुरकुर करून सावलीत बसून खिळे सरळ करायचं काम दिलं. माणूस वाईट नव्हता. "मला बी लेकी हायेत मॅडम," म्हणाला. पण खिळे सरळ करायला बसली तरी ती पाणी कशी पिणार होती? प्यायली तर जाणार कुठं? तो दिवस शुक्रवार, सोमवारच्या आधी दोनच दिवस उरले होते.

शनिवारी केबिनमध्ये बैठक होती. पुढच्या आठवड्यात पहिला स्लॅब पडणार होता, त्याची. साहेब, मुकादम, सळईवाले चाचा आणि मी. मी सुरुवातीलाच सांगितलं, संडास हलवायचा. गोदामाच्या मागं, झोपड्यांच्या बाजूला, दार मोसंबीच्या बागेकडं. आणि सोमवारच्या आत.

साहेब हसले. रागावणारा माणूस नव्हताच तो. म्हणून जास्त जड जायचा. "मॅडम, हा नकाशा कुणाचा?"

"माझा."

"तुमच्या मुंग्यांचा. बिलकुल बराबर नकाशा. आता तुमचाच तक्ता काढा आणि वाचा. संडासला कुठून किती फेऱ्या?"

मी तक्ता उघडला.

"वाचा ना."

"शून्य."

"झोपड्यांमधून?"

"शून्य."

"मंग जिथं कुणी जात न्हाई ते हलवायला स्लॅबच्या तोंडावर मी खडकात ब्रेकर घालू? खाली हातभर मुरूम अन्‌ मंग काळा दगड हाय, तुमाला माहीत न्हाई का? कॉम्प्युटर सांगून राह्यलाय एक, अन्‌ तुमी दुसरंच."

"बायकांनी तर कधी तक्रार केली न्हाई," मुकादम म्हणाला. "ती पोरगी नाजूक हाय, तिचं सोडा."

चाचा बोटांनी टेबलावरची धूळ पुसत होते. मी त्या फ्रेमकडं पाहिलं. किती सुबक काढला होता मी तो नकाशा! माझ्याच मुंग्या माझ्याच घशात कोंबल्या होत्या साहेबांनी, आणि त्यांचं चुकत नव्हतं. तक्त्यात जे लिहिलं तेच मुंग्यांनी खाल्लं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टेबलावर माझी भरलेली बाटली होती. ती उघडली आणि घटाघटा सगळी पिऊन टाकली. मग साहेबांच्या पुढ्यातली थंड पाण्याची बाटली उचलली आणि तीही. तिघं बघत राहिले. त्यांना वाटलं, बाई चिडली, घसा कोरडा पडला. "बरं, स्लॅबचं बोला," मी म्हटलं.

स्लॅबचं बोलणं सुरू झालं. व्हायब्रेटर किती, जनरेटर कुणाचा, दुपारी काम थांबवायचं का नाही. मी उत्तरं देत होते. पाय हलवत होते. कपाळावर घाम यायला लागला. घरी असते तर एव्हाना उठले असते. इतकी वर्षं सवयीनं जे दाबत आले होते ते आता उघड्या डोळ्यांनी अनुभवत होते, आणि वाटत होतं, सातव्या महिन्यात, त्या उन्हात, डोक्यावर घमेलं घेऊन बया हे रोज करत होती. शेवटी मुकादमाचं वाक्य मधेच तोडून मी म्हणाले, "साहेब, मला लघवीला जायचंय."

मुकादमानं मान खाली घातली. चाचांनी दाराकडं तोंड केलं. साहेब पंख्याकडं पाहायला लागले. हा शब्द एका बाईच्या तोंडून त्या केबिनमध्ये कधी आलाच नव्हता.

"कुठं जाऊ?" मी विचारलं.

"मॅडम, गाडी देतो ना, अंबडला..."

"रोज तेच करते. सकाळी जाऊन येते आणि संध्याकाळपर्यंत धरून बसते. माझ्या ओळीतलं शून्य आहे ना, ते जात नाही म्हणून आहे. जावं लागत नाही म्हणून नाही. मला दिवसातनं चार-पाच वेळा लागते. तुम्हाला लागते तशीच. बायकांनाही लागते. मुंग्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. सांगायला लाजलो आम्ही." रडू येत होतं, आणि रडायचं तर मुळीच नव्हतं. "संडास कोपऱ्यात आहे. तिकडंच जाते. बघा तुम्ही."

हेल्मेट घालून मी निघाले. लिफ्टपासून पुढं, मिक्सरपासून पुढं, वाळूच्या ढिगाला वळसा घालून यार्डाच्या तोंडाशी आले. नकाशात हे अंतर बोटाच्या पेराएवढं होतं. यार्डात सळई कापायचं मशीन कर्कश ओरडत होतं, पोरं उकिडवी बसून रिंगा वाकवत होती. एकानं वर पाहिलं. मग दुसऱ्यानं. मशीन थांबलं. सगळं यार्ड शांत झालं, आणि त्या शांततेत माझ्या बुटांचा आवाज तेवढा. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी वंगाळ बोललं नाही, देवाशपथ. नुसतं पाहिलं. मी कुठं चाललेय हे प्रत्येकाला कळलं, एवढंच. चाचा मागून धावत आले आणि पोरांवर खेकसले, "अरे क्या देखरे? काम करो अपना अपना!" त्यांनी माझ्यासाठीच केलं ते. पण ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही मग माना वळवल्या.

तरी गेले. पत्र्याचं दार ओढलं.

आत तारेची भेंडोळी होती. सळया बांधायची तार, जमिनीपासून छातीपर्यंत रचलेली. वर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. पाय ठेवायला जागा नव्हती.

मी तिथं उभी राहिले आणि मला हसू आलं का रडू, आता सांगता येणार नाही. जिथं कुणी जात नाही तिथं माणूस सामान ठेवणारच. तारेचं एक भेंडोळं उचललं, हात काळे झाले, आणि तसंच यार्डातून, पोरांच्या मधून, परत केबिनमध्ये आणून साहेबांच्या टेबलावर आदळलं.

"हे तुमच्या संडासातून आणलं."

चाचांचा चेहरा उतरला. "मॅडम, संडास खाली पड्या था, पोरांनी रख दिया. अल्ला कसम, हमकू ख्यालच नई आया."

साहेब भेंडोळ्याकडं बघत राहिले. मुकादमानं एकदा माझ्याकडं, एकदा नकाशाकडं पाहिलं. मला मात्र आता उभं राहवत नव्हतं. तेवढ्यात केबिनच्या दाराशी सासू आली. साईटवर गोष्ट लपत नाही. यार्डातली शांतता तिच्यापर्यंत पोचली असणार. तिच्या हातात घडी केलेलं लुगडं होतं, मागं आणखी तीन बायका.

"चला मॅडम," ती म्हणाली. साहेबांकडं, मुकादमाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

गोदामाच्या मागं, बागेच्या कुंपणाशी, चौघींनी लुगडं चारी बाजूंनी धरलं आणि माझ्याकडं पाठ केली. माझ्या आयुष्यातलं ते एक मोठं सुख होतं, लिहायला लाज वाटत नाही. नंतर मी विचारलं, "मग तुम्ही रोज असंच का नाही करत?"

"रोज चार बायांनी काम सोडून लुगडं धरलं तर मुकादम ठेवील का?" सासू म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "सोमवारी येती ओ ती."

केबिनमध्ये परतले तेव्हा साहेबांनी एवढंच विचारलं, "खड्डा कुठं घ्यायचा?"

रविवारी ब्रेकर आला. काळा दगड दिवसभर ठणठणत होता. चाचा सुट्टी असून आले आणि त्यांच्या पोरांकडून पत्रे ठोकून घेतले. यार्डाच्या कडेनं हिरवी जाळी बांधायचं त्यांच्याच डोक्यातनं निघालं. दाराला आतून कडी मी लावून घेतली, आणि तीनदा लावून उघडून बघितली. घाई होती, काम ओबडधोबड झालं, संडासाचं भांडं जरासं तिरपं बसलं. पण झालं.

सोमवारी ती आली. चेहरा पांढराफटक, डोळे खोल गेलेले. कडुलिंबाखाली पोतं टाकून बसली आणि हातोडीनं खिळे सरळ करायला लागली. तिथं ती असायलाच नको होती, हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या हातात तेवढं नव्हतं. मी रांजणातलं पाणी तांब्याभर तिच्याशेजारी ठेवलं. नवा संडास तिला सासूनं दाखवला. तिनं मान हलवली.

आणि पाणी प्यायली नाही.

ऊन चढायला लागलं. मी दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून लिंबाखालून जायची. तांब्या तसाच. सासू लांबून बघायची, मी बघायची, चाचासुद्धा जाळीतून बघायचे. सगळा जीव त्या तांब्यात अडकला होता. मनात आलं, एवढा खडक फोडला, पण तिच्या अंगात जे इतकी वर्षं बसलंय ते कोण फोडणार? बारा वाजायला आले. ओरडून उपयोग नव्हता. ओरडले असते तर तिनं माझ्यासाठी घोटभर प्यायलं असतं आणि पुन्हा धरून बसली असती.

मग मी लॅपटॉप घेऊन लिंबाखाली तिच्याशेजारी पोत्यावरच बसले. तक्ता उघडला. बाटलीतलं पाणी प्यायले. काम केलं. थोड्या वेळानं उठले, तिच्यादेखत, सगळ्यांच्या देखत, नव्या संडासात गेले, परत आले, हात धुतले, पुन्हा बसले. काही बोलले नाही. आणखी पाणी प्यायले.

तिनं हातोडी खाली ठेवली. तांब्या उचलला. आधी घोट, मग सगळा.

"तक्ता नवा भरून राह्यले मी," मी म्हणाले. डोळे वर केले नाहीत, तिला लाजवायचं नव्हतं. "झोपड्या ते संडास. तुझं किती लिहू?"

तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "माझं एकटीचं का दोघांचं?"

"दोघांचं सांग."

"मंग जास्त लिहा," ती म्हणाली, आणि पोटाखाली हात घेऊन, लिंबाच्या खोडाला धरून उठली. मी जास्त लिहिलं. मग सासूनं तिचं सांगितलं, मग बाकीच्या बायका आल्या, प्रत्येकीनं आपला आकडा मोठ्यानं सांगितला, आणि मुकादम लांब जाऊन उभा राहिला.

स्लॅब झाल्यावर ती तिच्या गावी, टेंभुर्णीकडं गेली. तिचा नवरा राहिला. मुकादमानं तेवढं ऐकलं. मे महिना मी भीतीनं काढला. सासूच्या फोनची वाट बघायची आणि तो येऊ नये असंही वाटायचं. मेमध्ये आला असता तर बाळ दिवस भरायच्या आधी आलं असतं. तो आला जून सरता सरता. केबिनमध्ये सगळे बसले होते, मी उभी राहिले.

"झाली मॅडम," सासू ओरडून बोलत होती, मागं लेकराचा आवाज येत होता. "पुऱ्या दिवसाची. पोरगी हाय. लई रडती ओ, गप बसतच न्हाई."

"रडू द्या," मी म्हणाले. "तिला काही म्हणजे काही धरून ठेवायला शिकवू नका."